पासंग

उदगीरला मोंढ्याच्या वाटेवर माझं वजनकाट्याचं दुकान.
अडत्यांचे काटे वर्षातून एकदा
माझ्या हाताखालून जातात.
कुठल्या पारड्याखाली चिंच चिकटवलीय
ते दांडी स्थिर व्हायच्या आत कळतं मला.

म्हणून शिवलीला जेव्हा म्हणाली,
"अप्पा, मला रायफल शिकायचीय,"
तेव्हा मी आधी लातूरची बस धरली
आणि मग विचार केला.

लातुरात क्लास निवडायची रीत ठरलेली:
फ्लेक्सवरची पोरं मोजायची.
रिंगरोडला, मोबाईलच्या दुकानावर, पहिली अकॅडमी.
फ्लेक्सवर पदकंच पदकं
आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'संग्रहित छायाचित्र'.
सरांची पँट मिलिटरीची, बाजारातली.
एका हातात फोन, दुसऱ्यात रायफल.
प्लॉटच्या भावाचं बोलत बोलत वळले
तशी नळी बाकावरच्या चार लेकरांवरून फिरली,
केरसुणी फिरावी तशी.
"रिकामी हाय हो," सर हसले.
"सहा महिन्यांत राज्य पातळी. लिहून देतो."
तीस वर्षांत मी लिहून देणारे लई पाहिले.
शिवलीलाची चप्पल मीच तिच्या पुढ्यात सरकवली.

दुसरीकडं मंगल कार्यालयामागची लांब खोली.
माणूस भला. चहा पाजला, फी सांगताना लाजला.
पण टार्गेटच्या मागं नुसता पत्रा,
आणि आम्ही उभे होतो तिथं, दारापाशी,
एक चपटा झालेला छर्रा.
मी वाकून उचलला, खिशात टाकला.
तो माणूस आठवला की अजून वाईट वाटतं.

मस्के बाईंचं नाव रिक्षावाल्यालाही ठाऊक नव्हतं.
औसा रोडला बंद तेलगिरणीचं गोदाम,
पेंडीचा वास भिंतींत मुरलेला,
समोर छातीच्या वर रचलेली वाळूची पोती.
पोलिसांच्या हत्यारखान्यातून निवृत्त झालेल्या बाई
ओळीच्या मागून हळूहळू फिरत होत्या.
तेवढ्यात एक बारकं पोरगं ओरडलं, "थांबा!"
सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या.
बाईंनीसुद्धा.
पोत्यांवर मांजर आलं होतं.
ते अंग चाटून, जांभई देऊन जाईपर्यंत
कुणी हललं नाही. कुणी पोराला हसलं नाही.

मग बाईंनी एक रायफल उघडून दाखवली, रिकामी.
पुन्हा मलाच आत बघायला लावलं.
मी धरली दांडी धरावी तशी, मधोमध, तोल बघत,
आणि बोट जायचं तिथं गेलं.
"बोट," बाई म्हणाल्या.
एवढंच. आवाज न चढवता, माझ्या लेकीसमोर,
फीचे पैसे माझ्या खिशात असताना.
कान तापले. पण मीही अडत्याला
असंच सांगत आलोय आजवर: "चिंच."

"किती दिवसांत येईल हिला?"
"माहीत नाही."
"पोरगी कशी वाटते?"
"पोरगी अजून पाहिली कुठं? आत्ता तर तुम्हालाच बघतेय."
मग मी विचारू नये ते विचारलं,
बाई, तुमच्या हातून कधी काही...
त्यांनी वर पाहिलं, जणू भोक याच छताला आहे.
"परभणीला. अठ्ठ्याण्णव साली. कुणाला लागलं नाही.
मी रिकामी आहे म्हणाले होते."

दांडी कितीही चांगली असो, पासंग लागतो.
काही जण तो पारड्याखाली चिकटवतात.
बाईंनी वर बांधला होता,
गिऱ्हाइकाला दिसेल असा.

पैसे त्यांनी त्या दिवशी घेतले नाहीत.
म्हणाल्या, आठ दिवस नुसतं येऊन बसू दे,
कंटाळली तर बरंच.

परतीच्या बसमध्ये नळेगावच्या पुढं
शिवलीलाचा हात खिडकीच्या गजावर,
पहिलं बोट सरळ, बाजूला.
मला वाटलं, झोपली.
खिशातला छर्रा मी चाचपत होतो.
"अप्पा," ती डोळे न उघडता म्हणाली,
"तुमचं बोट अजून वाकडंच हाय."